पन्नासावा तास

काटा पन्नासावर आला
तशी कालिंदा बागेतनं चालत आली,
ट्रॅक्टर चौथ्या ओळीत तसाच उभा करून.
"मामा, पन्नास भरले. पुस्तकात लिवलंय,
आता सर्व्हिस केल्याबिगर चालवायचा न्हाई."
म्हणलं, बाई, इथवर तरी आण,
मोसंबीच्या बुडात तेल सांडू का?

एकतीस वर्षं अंबडच्या डेपोत
मी गाड्यांच्या पोटाखाली काढली.
पिटात उतरायचं, वर बघायचं;
तोंडावर परभणीचा, पैठणचा, पुण्याचा चिखल पडायचा,
रंगावरनं मी रूट सांगायचो.
गाडी किती झिजली? तर किती लांब गेली तेवढी.
हा ठेंगणा गडी अंतर मोजतच नाही.
पन्नास तास चालला
आणि गल्हाटीचा नाला काही ओलांडला नाही.
खाली निजायलाही जागा नाही याच्या,
उकिडवं बसावं लागतं, न्हाव्यापुढं बसल्यासारखं.
गुडघे काय बोलले ते लिहीत नाही.

कंपनीचं फुकटचं कुपन होतं.
जालन्याचा पोरगा सोमवारी येणार होता,
मग गुरुवारी, मग त्यानं फोन उचलणं सोडलं.
खरं सांगू? बरं वाटलं.

पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं.
थंड तेल आळशी, तळातला गाळ सोडत नाही.
सतराचा पाना. नट हलेना,
आवळणारा तरण्या मनगटाचा असणार.
मग सुटला, बोटं पोळली,
आणि घमेल्यात तेल उतरलं काकवीसारखं.
कालिंदा वाकली. "ह्यात चमकतंय काय?"
लोखंड. पिठासारखं.
नवे दात एकमेकांना घासून जागा करतात.
"म्हंजी खराब झालं?"
नाही गं. बसतंय.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर तेल लावलं,
म्हणलं, आता हातानं आवळ, पाना नको.
तिनं पान्यानंच आवळला.
आमचे घुगे मास्तर अशा वेळी बोटांवर मारायचे,
"जोर गाडीला असतो रे, आपल्याला नसतो."
मी परत सोडायला लावला, एवढंच.
दुसऱ्यांदा बरोबर झाला.

क्लचची ढील मी दोन बोटं धरली.
तिनं पोरीच्या कंपासमधली पट्टी आणली:
पुस्तकात वीस मिलिमीटर, निघाली सव्वीस.
माझी बोटं म्हातारपणात सुजलीत,
तेव्हा पुस्तकाचं खरं.
पुढच्या डाव्या चाकाचा एक नट ढिला होता.
ती जरा वेळानं म्हणाली,
"परवा बांधावरनं उतरवला व्हता."
मी आवळला. विचारलं नव्हतंच काही.

ग्रीस मारता मारता तिनं विचारलं,
"काल आठ ते बारा चालू व्हता,
मग काट्यावर तीनच कसे?"
काटा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, सांगितलं.
नुसता घरघरत उभा ठेवला की
याचा तास लांबतो, सरता सरत नाही.
"फोन आला व्हता," ती म्हणाली, "बंद करायचा ऱ्हायला."
चाकणहून फोन आला की तिला वेळ कळत नाही.
मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली.
काट्याप्रमाणं किती, कुणास ठाऊक.

पुस्तकात शिक्क्याचा चौकोन रिकामा होता.
तिनं पोरीच्या पेनानं लिहिलं: ५०.४, तेल, फिल्टर.
केलं: मामा.
मग थोडं थांबून, शेजारी, बारीक अक्षरात: मी.
चौकोनात तेल लागलं, ते वाळलं नाही.

सांजच्याला जुनं तेल फडक्यातनं गाळून
फाटकाच्या बिजागरीत सोडलं.
तीन वर्षं करकरणारं फाटक गप्प झालं.
रात्री कालिंदा मोटार बंद करून आली
तर कुत्रं भुंकलंच नाही;
ती पार ओट्यापाशी पोचल्यावर
दचकून उठलं,
आणि तिच्याकडं बघायचं सोडून
फाटकाकडं बघत राहिलं.